लेझर अंतर सांगतो, वाऱ्याचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या शिकारीवर लेख आला होता. इकडच्या मराठी मुलांपैकी काहींना एल्क (इथलं मोठं, सांबरासारखं हरीण) आणि हरणाच्या शिकारीचा नाद लागला आहे, हे त्यात लिहिलंय ते खरं आहे. पण सोबतच्या चौकटीत रेंजफाइंडर (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) आणि विंड मीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं) किमतीच्या क्रमाने मांडले होते, प्रत्येकापुढे पल्ला छापला होता आणि वर म्हटलं होतं की ही दोन यंत्रं खिशात असली की हजार यार्डांवरचं (यार्ड म्हणजे तीन फूट) जनावर कोणालाही टिपता येतं. ती चौकट वाचून कोणी खरेदीला निघालं तर पैसे जातील ते जातील, वर पोटात गोळी घेऊन एखादं जनावर डोंगराआड जाऊन मरेल. म्हणून लिहायला बसलो.

मी मूळचा तासगावचा, आता वायोमिंग राज्यातल्या लॅरमी गावी राहतो. पेशाने जमीन मोजणीदार. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, खांद्यावर घेऊन माळ तुडवणं हा रोजचा धंदा, त्यामुळे लेझरने अंतर मोजण्याचं मला अप्रूप नाही आणि भीतीही नाही. दर शरद ऋतूत परवाना निघाला तर शिकारीला जातो.

लेखावर नंतर आलेली, शिकारीला क्रौर्य म्हणणारी पत्रंही वाचली. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला तो योग्यच होता. इथला कायदा वेगळ्या वाटेने जातो: परवान्याची सोडत, विभागवार कोटा, ठरलेला मोसम, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर गुन्हा. आमच्या घरी फ्रीझरमध्ये एल्कचं मांस असतं आणि त्याच्या खिम्याला कांदा-लसूण मसाला सांगलीहून येतो. एवढं सांगून मुद्द्यावर येतो.

आधी रेंजफाइंडर. ढोबळ तत्त्व सोपं आहे. लेझरचा ठोका सोडायचा आणि तो आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. एका यार्डाची जा-ये प्रकाश ६.१ नॅनोसेकंदांत उरकतो. इतका बारीक वेळ मोजणारी चिप आज दोन-तीनशे डॉलरच्या, मुठीत मावणाऱ्या यंत्रात बसते, ही कमालच आहे. गोम आहे ती परत येणाऱ्या प्रकाशात. मोजणीला आम्ही समोर काचेचा प्रिझम उभा करतो, तो किरण आल्या वाटेने परत धाडतो. हरणाच्या मातकट, केसाळ अंगावर पडलेला किरण चहूकडे विखुरतो आणि त्यातला कणभरच भिंगात परत येतो. खोक्यावर छापलेला पल्ला मात्र चकाकत्या पाटीवरचा असतो, आणि आपल्या चौकटीत तोच उतरवला होता. व्होर्टेक्स कंपनीचा 'रेंजर १८००' घ्या. १८०० यार्ड हे परावर्तक पाटीसाठी, हरणासाठी कंपनी स्वतःच ९०० सांगते. कंपनी काही लपवत नाही, माहितीपत्रकात छापलेलं आहे, वाचणारा थांबतो मोठ्या आकड्यावर. भर दुपारच्या उन्हात, ताज्या बर्फावर किंवा धुक्यात हे ९०० देखील आणखी खाली येतात. घेणाऱ्याने हरणासाठीचा आकडा बघावा, आणि तो आपण ज्या अंतरावर खरोखर चाप ओढणार आहोत त्याच्या दुप्पट असला की पुढच्या किमतीच्या पायरीवर चढू नये.

त्यानंतर बघायचा तो किरणाचा फैलाव. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, कारण विचारतं कोण? फैलाव मिलिरेडियनमध्ये देतात. एक मिलिरेडियन म्हणजे हजार यार्डांवर एक यार्ड. लेझर डायोडचं तोंडच चपट्या फटीसारखं असल्यामुळे किरणाचा ठसा गोल पडत नाही, लांबट पट्टी पडते. पट्टी आडवी अडीच मिलिरेडियन असेल तर ५०० यार्डांवर ती जवळजवळ चार फूट होते. उभी अर्धा मिलिरेडियन असेल तर नऊ इंच. आमच्याकडे शर्ली बेसिन नावाचा उघडा बोडका प्रदेश आहे. सेजब्रशची गुडघाभर झुडपं, मधूनमधून उथळ ओहोळ, आणि त्यात प्राँगहॉर्न. हा प्राणी उघड्यावर राहतो, डोळ्यांनी जगतो आणि धावण्यात उत्तर अमेरिकेत त्याचा हात धरणारा कोणी नाही. अशा ठिकाणी पोटावर झोपून यंत्र रोखलं की पहिल्या दाबाला ३१२ येतं, दुसऱ्याला ३१८, तिसऱ्याला ४४७. तिसरा आकडा मागच्या उतारावरचा. पहिल्या दोनांपैकी एक झुडपावरचा असू शकतो. आकडा तर तिन्ही वेळा लालभडक आणि ठाम दिसतो. यंत्राला माहीतच नसतं की आपण काय मोजलं.

यावर उपाय आहेत आणि ते बहुतेक यंत्रांत असतात, लोक सूचनापुस्तिका उघडत नाहीत इतकंच. 'सर्वांत जवळचं' आणि 'सर्वांत लांबचं' असे दोन पर्याय असतात. पुढे गवत-झुडूप असेल तर लांबचं निवडायचं, जनावर टेकाडाच्या माथ्यावर असून मागे दुसरा डोंगर असेल तर जवळचं. बटण दाबून धरून किरण सावकाश फिरवला की आकडे बदलत जातात आणि झुडूप कुठे संपलं, जनावर कुठे लागलं हे कळतं. शिवाय जनावरापाशीचा एखादा खडक वेगळा मोजून ठेवावा, दोन्ही आकडे जुळले तर ठीक. आणि हात. ५०० यार्डांवर एक मिलिरेडियन म्हणजे अठरा इंच, धाप लागलेल्या माणसाचा हात त्याहून जास्त हलतो. यंत्र चालायच्या काठीवर किंवा पाठपिशवीवर टेकवून मोजणारा माणूस स्वस्त यंत्रातूनही चांगलं अंतर काढतो.

बाकीचं थोडक्यात. एल्क दिसतो तो पहाटे आणि संध्याकाळी, अंधुक उजेडात. काळ्या आकड्यांचा पडदा तेव्हा काळ्या देवदारांत विरघळून जातो, म्हणून लाल उजळ आकड्यांचा आणि उजेड कमी-जास्त करता येणारा पडदा घ्यावा. सेल लिथियमचे असावेत, साधे अल्कलाइन थंडीत मान टाकतात. दुर्बिणीतच रेंजफाइंडर असलेली जोडयंत्रं छान असतात, पण बहुतेक हजार डॉलरच्या पुढची असतात आणि काही तीन हजारांच्याही पार जातात. ज्याला दुर्बीण घ्यायचीच आहे त्याने तो हिशेब करावा, इतरांनी नाही.

चढ-उताराचा मुद्दा मात्र माझ्या धंद्यातला, तिथे जरा रेंगाळतो. मोजणीत तिरपं अंतर आणि आडवं अंतर हा पहिला धडा. डोंगरावरून तीस अंश खाली ५०० यार्डांवर जनावर असेल तर गोळी किती खाली येईल हे साधारण आडव्या अंतरावर ठरतं, म्हणजे ४३३ यार्डांवर. कोन मोजून हा हिशेब करणारं यंत्र हल्ली मध्यम किमतीतही मिळतं आणि डोंगरात त्याशिवाय जाऊ नये. पण वाऱ्याचा हिशेब करताना अंतर तिरपंच धरायचं, पूर्ण ५०० यार्ड, कारण गोळी तेवढी हवा कापतच जाते. पडद्यावर ४३३ दिसलं म्हणून वाराही ४३३चा धरणारे लोक मी बघितले आहेत, त्यात चांगले शिकलेले इंजिनियरही होते.

आता वारा. ज्याने वायोमिंग पाहिलेलं नाही त्याच्यासाठी सांगतो, इथे लॅरमी आणि रॉलिन्सच्या मधला आय-८० महामार्ग हिवाळ्यात वाऱ्यामुळे हलक्या, उंच वाहनांना बंद करावा लागतो, कारण रिकामे ट्रेलर आडवे होतात. अशा मुलखात विंड मीटरची विक्री झाली नाही तरच नवल. केस्ट्रेल हे नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल, पेनसिल्वेनियातल्या कारखान्यातलं. साधा मीटर शंभर डॉलरच्या आत-बाहेर मिळतो, तो वाऱ्याचा वेग सांगतो आणि गप्प बसतो. सातशेच्या आसपासचा मीटर वेगाबरोबर तापमान, दाब, आर्द्रता, दिशा मोजतो आणि पोटातल्या गणकाने गोळी किती खाली, किती बाजूला जाईल हेही सांगतो. रेंजफाइंडरशी ब्लूटूथने बोलतो. चौकटीत या दुसऱ्याची शिफारस होती.

माझं मत उलटं आहे. नवशिक्याने साधा घ्यावा. चाक फिरणारा, आणि चाक आपलं आपल्याला बदलता येतं असा, कारण खिशातल्या धुळीने ते आज ना उद्या खराब होणारच. दाब आणि तापमान मोसमात फार बदलत नाही, ते एकदा नीट भरून छापील तक्ता काढावा आणि बंदुकीच्या दस्त्याला चिकटवावा. फक्त भरताना एक खबरदारी. हवामानाच्या ॲपवर लॅरमीचा हवेचा दाब पाऱ्याच्या ३० इंचांच्या आसपास दिसतो. तो समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला दाब असतो. सात हजार फुटांवरच्या आमच्या गावात प्रत्यक्ष दाब २३ इंचांच्या घरात असतो. गोळीला ॲप माहीत नाही, तिला २३ इंचांची पातळ हवा लागते. ३० भरलंत तर गणक दाट हवा धरून नेम गरजेपेक्षा जास्त उचलायला सांगतो आणि गोळी वरून जाते. मोजणीच्या यंत्रातही आम्ही तापमान आणि दाब भरतो म्हणून ही खोड माझ्या लगेच ध्यानात येते, इतरांना कोणी सांगत नाही.

तासगावला चुलतभावाला असाच एक साधा मीटर नेऊन दिला होता, द्राक्षबागेत फवारणीआधी वारा बघायला. तो त्याचा माझ्याहून जास्त उपयोग करतो.

मीटर कितीही महाग असो, तो वारा मोजतो तुमच्या हाताजवळचा. त्यातही धरण्यात चुका. अंगाआड धरला तर वेग कमी दाखवतो, झोपून गवतात धरला तरी कमीच, कारण जमिनीलगत वारा मंद असतो. उभं राहून, हात लांब करून, तोंड वाऱ्याकडे ठेवून निदान अर्धा मिनिट बघावं. ताशी ९ मैल, ११, १४, मग एकदम ६. यातला नेमका कुठला वारा गोळीला मिळणार? हाताजवळचा वारा बिनमहत्त्वाचा असंही नाही. गोळीला सुरुवातीलाच जो तिरपेपणा मिळतो तो पुढे अंतराबरोबर वाढत जातो, म्हणून बंदुकीजवळचा वारा सर्वांत नडतो. पण मध्ये ओहोळ असेल तर त्यातून वारा आडवा घुसतो, आणि पलीकडे एल्क उभा आहे तो उतार उन्हात तापला असेल तर तिथे हवा वर चढत असते. सकाळी हीच हवा डोंगरावरून खाली उतरते. यातलं काहीही मीटरला दिसत नाही. ते गवतात दिसतं, उडणाऱ्या धुळीत दिसतं, दुर्बिणीतून दिसणाऱ्या उन्हाच्या झळांमध्ये दिसतं: झळा सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा नाहीसाच, कलल्या असतील तर मंद, सपाट वाहत असतील तर ताशी दहा मैलांच्या पुढे. आणि वाऱ्याची दिशा. पूर्ण आडव्या वाऱ्याचा पूर्ण परिणाम, गोळीच्या रेषेशी तीस अंशात असेल तर निम्मा.

आता हिशेब मांडतो, आपल्या चौकटीत तो नव्हता. .३०-०६ या काडतुसाची १८० ग्रेन वजनाची गोळी, इथे पुष्कळ शिकाऱ्यांकडे असते ती. समुद्रसपाटीवर ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला ५०० यार्डांवर साधारण वीस इंच ढकलतो. आमच्या पातळ हवेत पंधराच्या आसपास धरा. चांगला सराव असलेल्या माणसाचाही वाऱ्याचा अंदाज चार मैलांनी सहज चुकतो, म्हणजे ५०० यार्डांवर सहा इंच. प्राँगहॉर्नचं हृदय-फुप्फुसाचं क्षेत्र आठ-नऊ इंच रुंद. मधोमध नेम धरलात तर दोन्ही बाजूंना चार-सव्वाचार इंचांची सवलत. सहा इंच चुकलेली गोळी पोटात किंवा पुढच्या पायात जाते. तीनशे यार्डांवर तीच चार मैलांची चूक दोन इंचांत मावते. हजार यार्डांवर ती दोन फुटांच्या पुढे जाते, आणि गोळीला तिथे पोचायला दीड सेकंदाहून जास्त लागतो. चरणारं जनावर तेवढ्यात पाऊल टाकतं. त्याला कोणता मीटर काय करणार?

पूर्वी ५०० यार्डांवर डोळ्याने अंतर धरताना पंचवीस यार्डांची चूक व्हायची आणि तेवढ्याने गोळी सहाएक इंच वर-खाली जायची. त्या भीतीने लोक जवळ जायचे. लेझरने ती चूक जवळपास पुसली. वाऱ्याची चूक होती तिथेच आहे, पण आकडा स्पष्ट दिसल्याने धीर मात्र वाढला. माझ्या लेखी विंड मीटरचा खरा उपयोग 'आज नाही' किंवा 'अजून दोनशे यार्ड पुढे सरक' हे ठरवायला. ताशी १५ मैलांच्या वर झुळका दाखवत असेल तर माझी हद्द तीनशे यार्ड, शांत असेल तर चारशे. दुसऱ्याची वेगळी असेल. ती त्याने नेमबाजीच्या मैदानावर, वाऱ्याच्याच दिवशी, थंडीत जाड जाकीट घालून आणि पाठपिशवीवर टेकून झाडलेल्या गोळ्यांवरून ठरवावी. टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून शांत सकाळी केलेला सराव इथे काहीच सांगत नाही.

हे माझं एकट्याचं खुसपट नाही. थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने, म्हणजे इथल्या शिकाऱ्यांच्या जुन्या संस्थेने, जनावराला आपली चाहूलच लागू नये एवढ्या लांबून गोळी झाडण्याच्या हौसेला उघड विरोध केला आहे. आयडाहो राज्यात सोळा पौंडांहून जड रायफलने मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. कोलोरॅडोने संगणकाने नेम धरणाऱ्या 'स्मार्ट' रायफली शिकारीत बंद केल्या. अंतराची मर्यादा कायद्यात घालावी असं काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. रानात ती मोजणार कोण आणि सिद्ध करणार कोण? आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि बदलते असल्याने बंदुकीवर काहीही विजेवर चालणारं बसवण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचावी.

डेन्व्हरला माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. एका दुकानात त्याला तीन हजार डॉलरचा संच गळ्यात मारत होते. त्याने आधी मला फोन केला. 'काका, एवढं लागतंच का हो?' मी म्हटलं, आधी शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम कर, वायोमिंगमध्ये १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे. मग तीनशे डॉलरचा, कोन मोजणारा, लाल आकड्यांचा रेंजफाइंडर, शंभराचा मीटर, एक बरी दुर्बीण, आणि चांगले बूट. बुटांवर तो हसला. पण चारशे यार्डांवरून दोनशेवर येण्याचं जे काम आहे ते शेवटी पाय करतात. उरलेल्या पैशांची काडतुसं घे म्हणालो, आणि ती मोसमाआधी संपव.

जाता जाता एक. हे विषय आपल्या वाचकांना परके वाटतील, पण रेंजफाइंडरची गरज महाराष्ट्रातही आहे. ऊसपट्ट्यात बिबट्या अडकला की वनखात्याचं पथक बेशुद्धीची बंदूक घेऊन येतं. त्या बंदुकीत वायूचा दाब अंतर बघून लावावा लागतो. कमी पडला तर सुई पोचत नाही, जास्त झाला तर सुई खोल घुसून जनावराला इजा होते. भोवती गर्दी आरडाओरडा करत असताना तीस मीटर की चाळीस, हे डोळ्याने सांगणं अवघड. तिथे १८०० यार्डांचा पल्ला काही कामाचा नाही. किमान अंतर किती आणि पाच-दहा मीटरपासून नीट मोजतो का, हे बघून घ्यावं. साधा, पावसात भिजला तरी चालणारा यार्ड-मीटर दोन्ही दाखवणारा रेंजफाइंडर पुरे. ज्यांच्या पथकाकडे तो नसेल त्यांना एखाद्या साखर कारखान्याने किंवा ग्रामपंचायतीने घेऊन द्यायला हरकत नसावी.

आपला,
एक जुना वाचक
लॅरमी, वायोमिंग (मूळ तासगाव, जि. सांगली)
(नाव-पत्ता संपादकांकडे आहे.)